झिपरीच्या वेण्या

प्रिय वायरमन,

‘प्रिय’ लिहून बराच वेळ थांबलो होतो. हा शब्द तुझ्यासाठी वापरायला माझा जीव होत नव्हता. पण ‘आपणास कळविण्यात येते की’ असं वकिली थाटात लिहिलं असतं तर तू हा कागद न वाचताच तुझ्या बायकोच्या हातात दिला असतास, तिने तिच्या वकीलबाईंच्या, आणि मग झालंच. म्हणून ‘प्रिय’ राहू दे. नाव घालत नाही यात अपमान समजू नकोस. माझ्या सलूनचा फ्यूज उडाला म्हणून तू पहिल्यांदा आलास, काम झाल्यावर शिडीवरून उतरताना आरशात स्वतःचा अवतार बघितलास आणि आता आलोच आहे तर कापूनच टाका म्हणून खुर्चीत बसलास. तेव्हापासून माझ्या तोंडी तू वायरमनच. माझ्या बायकोशी लग्न केलंस म्हणून ते बदलायचं कारण नाही. माझ्या आधीच्या बायकोशी, असं म्हणायला हवं. लिहिताना अजून चुकतं.

गेल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तू माझ्याकडे पाठ करून उभा होतास. मुद्दामच असशील. तुझ्या मानेवर पायरी पडलीय. कुणाकडे जातोस हल्ली? ज्याने कोणी मशीन फिरवलंय त्याने डावीकडे वर नेलंय, उजवीकडे खाली सोडलंय, आणि तुझ्या डोक्यावरच्या दोन भोवऱ्यांचा काही विचारच केलेला नाही, त्यामुळे मागचा झुपका उभाच्या उभा. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं मी तुला चिडवायचो आणि तू म्हणायचास की इथे एकाची मारामार आहे. आपण दोघं किती हसायचो त्यावर. दोन लग्नं झाली खरी, पण ती तिची झाली, आणि पहिल्याला मी होतो.

सरळ सांगतो, मी तुझ्यावर जळतो. कोर्टात तोंड भरून ‘मुलीच्या हितासाठी’ म्हणतो, समुपदेशक बाईंसमोर शहाण्यासारखी मान डोलावतो, पण आत नुसती जळजळ असते. तू आमचा संसार मोडलास असंही नाही. तो मोडला तेव्हा तू माझ्याच खुर्चीत बसून महिन्याकाठी केस कापून घेत होतास आणि मी तुझ्याच कानाशी रडगाणं गात होतो. तू मोडला असतास तर बरं झालं असतं. राग ठेवायला हक्काची जागा मिळाली असती.

झिपरीचं पहिलं जावळ सोडलं तर तिच्या डोक्याला दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली नव्हती. पाच वर्षांची होईपर्यंत ती माझ्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून बसायची. मला एकच कापणी येते ती म्हणजे पुरुषांची, म्हणून तिचाही बॉयकट. तिची आई कुरकुरायची की मुलगी आहे, जरा वाढू दे. मी ऐकायचो नाही. कापताना ती डोळे गच्च मिटून घ्यायची, आणि केस उडून नाकावर पडला की नाक उडवायची, तसं दुसऱ्या कुणाला उडवताना मी बघितलेलं नाही. चार केस कपाळावर आले की लगेच झिपरी झिपरी म्हणून मी तिला खुर्चीत चढवायचो. घरी काही बोलायचं राहिलं असेल ते ती फळीवर बसून बोलायची. आम्ही वेगळे झालो तेव्हा आईला ताबा आणि मला शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ, असं ठरलं. सही करताना मी मनात एवढंच म्हटलं होतं की केस काही आईला कापता येत नाहीत, पोरगी माझ्याकडे येतच राहणार.

मग तू आलास आणि तिचे केस वाढायला लागले.

सुरुवातीला मला वाटलं, राहिलं असेल. एका शनिवारी कानाखाली आले, मग मानेवर आले, मी कात्री काढली की ती डोकं आवळून धरायची. वाढवायचेत म्हणाली. आणि एक दिवस दारात उभी, दोन घट्ट वेण्या, मधोमध भांग असा की मी कंगव्याने मारला असता तरी त्याहून सरळ पडला नसता. मी विचारलं, आईने घातल्या का? आईची सकाळची ड्यूटी असते, ती उजाडायच्या आधी हॉस्पिटलात जाते, असं तिने मला समजावून सांगितलं, जसं काही मला ते माहीतच नव्हतं. काका घालतात, म्हणाली. स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड बरा असतो म्हणून तिथे स्टुलावर बसवतात, आणि वेणी होईपर्यंत पाढा म्हणायचा. उजवी वेणी सातचा, डावी वेणी आठचा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आयुष्यभर लोकांच्या केसांत हात घालून पोट भरणारा मी, आणि माझ्या पोरीच्या केसांना एक वायरमन हात लावतो, आणि वर चांगलं करतो. वाईट केलं असतंस तर मी तुला माफ केलं असतं.

तीन तारा पिळायच्या तुझ्या हातातलंच काम म्हणा. मला मात्र वेणी येत नाही. ऐकून हसशील, पण सलूनच्या पडद्याची दोरी तीन पदरी करून मी सराव केला. गिऱ्हाईक विचारायचं, मी म्हणायचो पडदा दुरुस्त करतोय. रविवारी आंघोळ झाल्यावर मी तिच्या वेण्या घालायचो आणि जेवायच्या आत त्या सुटायच्या. केस सुळसुळीत आहेत असं म्हणून ती माझी बाजू घ्यायची. सात वर्षांच्या पोरीने बापाची बाजू घ्यावी, आणि ती घेतेय हे बापाला कळावं, यासारखं दुसरं काही लागत नाही.

तेव्हाच मी अर्ज टाकला, झिपरीचा ताबा मला मिळावा म्हणून. कारणं वकिलाने घातली, आईची कामाची वेळ, घरात परका पुरुष वगैरे. परका पुरुष वाचताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच वकिलाने मला सुचवलं होतं की तिच्या आईने लग्न केलंय, घरात आता दोन पगार येतात, तर मुलीच्या खर्चापोटी तुम्ही देता ते कमी करून मागू. मी त्याच्यावरच उखडलो. कायद्याने पोरगी बापाची जबाबदारी, आईने लग्न केलं म्हणून बाप काही रिटायर होत नाही, हे तोच मला म्हणाला होता. पण माझं कारण कायद्याचं नव्हतं. तिच्या पायातले बूट माझे असले पाहिजेत, एवढंच. मागे तू तिला ते चमकणारे बूट घेऊन दिलेस ना, चालताना टाचेत दिवा लागतो ते, तेव्हा मी आधी घेतलेले बूट पुढचे चार शनिवार तिला घालायला लावले. घट्ट होत होते. तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आणि तुला सांगतो, कोर्टात मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो पहिल्या तारखेला. न्यायाधीशांनी विचारलं की हे गृहस्थ कोण, आणि वकीलबाई जरा अडखळून म्हणाल्या, माझ्या अशिलांचे सध्याचे पती. मुलीचे कोण, असं त्यांनी विचारलं नाही, कारण त्याला उत्तरच नव्हतं. तुला बाहेर थांबायला सांगितलं. वेण्या तू घालणार, पाढे तू घेणार, ताप आला की कपाळावर हात तुझा, आणि कागदावर तू कोणी नाहीस. माझं नाव मात्र जन्मदाखल्यापासून सगळीकडे. तो दिवस मी घरी जाऊन आठवून आठवून चघळला. ती अजून तुला काकाच म्हणते ना, हेही मी दर शनिवारी बोलण्यात अडकवून तपासून घ्यायचो.

आता त्या रविवारचं. तुम्हा सगळ्यांना जे माहीत आहे ते असं, की मी चिडून झिपरीच्या दोन्ही वेण्या कापल्या आणि तिला बॉयकट करून परत पाठवली. तुझ्या बायकोने अर्ज केला की हा माणूस पोरीला त्याच्याकडे एकटं ठेवण्याच्या लायकीचा नाही. मी लेखी उत्तर दिलं की होय, वेण्या मीच कापल्या, बाप म्हणून मला तो अधिकार आहे असं वाटलं. माझ्या वकिलाने डोक्याला हात लावला. वेण्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुरावा म्हणून टेबलावर ठेवल्या होत्या, सगळ्यांनी बघितल्या. तेव्हापासून मला शनिवारचा एक तास मिळतो, तोही कोर्टाच्या मुलांच्या खोलीत, जिथे भिंतीवर हत्ती काढलाय, खेळण्यातल्या गॅसचं एक बटण तुटलेलं आहे, आणि कोपऱ्यात एक बाई स्वेटर विणत आमच्यावर लक्ष ठेवते. कात्री, वस्तरा काही बरोबर नाही ना, असं दारातला शिपाई मला दर वेळी विचारतो. गंमत करतो तो, पण विचारतो.

तू त्या दिवशी बाहेर होतास म्हणून सुटलो. नाहीतर त्या पिशवीची मला धास्ती होती. एक वेणी एका घावात कापलेली आहे. दुसरी कुरतडलेली आहे, मुळाशी बांधलेल्या रबराच्या जरा वर, चार-पाच ठिकाणी कात्री अडकून. रोज ते केस हातात धरणारा माणूस पिशवी उलटीपालटी करून बघता तर विचारता की एकाच हाताने असं दोन तऱ्हांनी का कापलं.

रविवारी सलून भरलेलं असतं हे तुला माहीत आहे. ती माझ्याजवळच्या रिकाम्या खुर्चीत बसून होती. तुझ्या वेण्या होत्या, म्हणजे शनिवारी सकाळच्या, मी मुद्दाम सोडल्या नव्हत्या कारण मला परत घालता आल्या नसत्या. ती मला बघत होती. एकाचे कापले, दुसऱ्याचे कापले, तिच्याजवळून जाताना मी फक्त कंगवा उचलायचो. मी मागे पाणी गरम करायला गेलो. परत आलो तर उजवी वेणी तिच्या हातात होती आणि छोटी कात्री मांडीवर. गिऱ्हाइकांत कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे टीव्ही बघत होते. मी ओरडेन म्हणून तिने आधीच सांगून टाकलं, की वेण्या असल्या की बाबाला काही काम राहत नाही. आता कापावेच लागतील. आणि स्वतःच उठून फळी घेऊन आली. फळीवर बसायचं वय कधीच गेलंय तिचं, पाय खाली लागतात.

वायरमन, त्या क्षणी मला काय झालं ते ऐक, कारण दुसरीकडे कुठे हे बोलता येणार नाही. मला आनंद झाला. पोरीने माझ्यासाठी तुझी वेणी कापली. मी जिंकलो. छाती फुगवून तिच्या अंगावर कापड टाकलं, डावी वेणी एका घावात उडवली, आणि पूर्वीसारखं कापायला सुरुवात केली. तिने डोळे मिटले, नाक उडवलं. मधेच माझ्या लक्षात आलं की केस पडायचे थांबले तरी ती डोळे उघडत नाहीय. गालांवरून पाणी चाललं होतं. मला वाटलं केसांचं वाईट वाटतंय, वाढतील म्हटलं. तर म्हणाली की सकाळी काका स्टूल ठेवतील खिडकीत, मग काय करतील?

फुगलेली छाती तिथल्या तिथे बसली. मी जळणारा माणूस आहे, पण माझी पोर माझ्या खुर्चीत बसून तुझ्यासाठी रडतेय हे बघण्याइतका तयार नव्हतो. तिचे डोळे पुसले, आणि सांगितलं की वेण्या बाबाने कापल्या, बस, तू काही बोलायचं नाहीस. तुला कळू नये म्हणून. म्हणजे तिने तुझं काम स्वतःच्या हाताने तोडलं, हे तुझ्या कानावर जाऊ नये आणि तुझ्यासमोर तिची मान खाली जाऊ नये म्हणून. आणि हेही खरं की माझ्या वकिलाला कळलं असतं तर त्याला आयतं कोलीत मिळालं असतं, मुलगी स्वतः वडिलांसाठी केस कापते म्हणून त्याने कोर्ट डोक्यावर घेतलं असतं. ते मला हवं होतं. फार हवं होतं. पण मग तिला उभं करून विचारलं असतं, का कापलेस, कुणासाठी कापलेस, आणि दोन टेबलांच्या मधे ती एकटी पडली असती.

मी कचऱ्यात टाकायला वेण्या उचलल्या तर तिने हिसकावून घेतल्या. कागदात गुंडाळून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. मी कशाला म्हणून विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की बाबाला एवढंही कळत नाही. काका जोडून देतील, म्हणाली. तुटलेली वायर जोडतात तशी. तुझ्या बायकोने दप्तर उघडलं आणि तिला वाटलं मी तिला हिणवायला पाठवल्या. वकीलबाईंनी पिशवीत घातल्या. पण त्या वेण्या पुरावा म्हणून आल्या नव्हत्या. तुझ्याकडे जोडायला आल्या होत्या. तुझ्यापर्यंत त्या कोणी पोचवल्याच नाहीत, आणि काकांनी त्यांचं नावसुद्धा काढलं नाही याचा तिने काय अर्थ लावला असेल, तो तूच लाव.

हे मी कधीच लिहिलं नसतं. वाईट म्हणवून घ्यायला मला काही वाटत नव्हतं, तुझ्यापेक्षा वेगळा तरी ठरत होतो. पण उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी न्यायाधीश झिपरीला एकटीला आपल्या दालनात बोलावून तिच्याशी बोलणार आहेत. चॉकलेट देतात म्हणे, प्रेमाने विचारतात. काल त्या हत्तीच्या खोलीत तिने सगळा तास खेळण्यातली कढई घासण्यात घालवला, आणि निघताना माझ्या कानाशी येऊन विचारलं की कोर्टात जो खोटं बोलतो त्याला आत टाकतात ना? मी म्हटलं तुला कोण टाकणार. ती म्हणाली, मला नाही, तुला. म्हणजे खरं सांगितलं तर बाबा खोटा, खोटं सांगितलं तर ती खोटी, हे ओझं घेऊन ती आठवडाभर हिंडणार आहे, आणि ते मीच तिच्या डोक्यावर ठेवलंय. न्यायाधीशांना मी सोमवारी आधीच उभं राहून काय ते सांगेन, जे पदरात पडेल ते घेईन. ताब्याचा अर्ज मागे घेतोय, वकिलाला कळवलंय. पण सोमवारच्या आत तिला कोणीतरी सांगायला हवं की सगळं कळलंय आणि कोणी रागावलेलं नाही. मी सांगून उपयोग नाही. तिला तुझी भीती आहे, म्हणजे तू दुखावला असशील याची, आणि हे तुझ्याचकडून ऐकल्याशिवाय तिला पटणार नाही. हे लिहिताना माझं काय होतंय ते तुला कळणार नाही, जाऊ दे. उद्या सकाळी खिडकीत स्टूल ठेव. केस बोटभर आहेत, वेणी होणार नाही, नुसता कंगवा फिरव आणि सातचा पाढा घे, तेवढ्यात सांगून टाक. पुढे मागे केस वाढले आणि कोर्टाने मला रविवार परत दिले तर मला त्या जेवणाआधी न सुटणाऱ्या वेण्या घालायला शिकव. पडद्याच्या दोरीवर शिकेन. तू सलूनमध्ये ये, गर्दी नसेल अशा वेळी ये, तुझ्या मानेवरची ती पायरी मला कोर्टात बघवत नाही.

तुझाच,
जुना न्हावी